मुलांचा पोशाख कोणीं निवडावा?

सकाळचे साडेसात वाजलेले असतात. चुलीवर दूध उतूं जाण्याच्या बेतांत असतें, दारापुढें रिक्षा येऊन उभी राहिलेली असते, आणि घरांतील चार वर्षांची मुलगी दिवाळींतला जरीकांठी परकर छातीशीं घट्ट धरून कोपऱ्यांत उभी असते. दिवस साधा मंगळवारचा. सण नाहीं, समारंभ नाहीं. आई म्हणते, "अगं, हा परकर सणाला घालायचा. आज हा फ्रॉक घाल पाहूं." मुलगी म्हणते, "मला हाच." आजी म्हणते, "फारच लाड झालेत हो पोरीचे." वडील घड्याळाकडे पाहतात. शेवटीं दोहोंपैकीं एक गोष्ट घडते. एक तर मुलीला धरून, तिच्या रडण्याकडे न पाहतां, फ्रॉक अंगावर चढविला जातो. किंवा उशीर होतो म्हणून परकरच राहूं दिला जातो, आणि हट्ट केला म्हणजे वस्तु मिळते ही गोष्ट ती मनांत पक्की नोंदवून ठेवते. दोन्ही प्रकारांत समाधान कोणाचेंच होत नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं दोन ते सहा वर्षांचें मूल आहे, त्यांना हा प्रसंग नव्यानें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. वरवर पाहतां प्रश्न अगदीं क्षुल्लक दिसतो. चिमुकल्या अंगावर निळें वस्त्र असलें काय आणि पिवळें असलें काय, जगाचें त्यांत काय अडतें? परंतु ज्या गोष्टीवरून घरोघर सकाळीं डोळ्यांना पाणी येतें, ती क्षुल्लक कशी म्हणावी? बारकाईनें पाहिलें तर तंटा कापडाचा नसतो. आपल्या अंगावर काय असावें हें ठरविण्यांत आपला कांहीं भाग आहे कीं नाहीं, हा त्या बालजीवाचा खरा प्रश्न असतो. तो त्याला शब्दांनीं विचारतां येत नाहीं, म्हणून तो परकर धरून बसतो. या प्रश्नाचें उत्तर घरच्या मंडळींनीं कसें द्यावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

जुन्या मराठी घरांतून हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, याचें कारण निवडीला वावच नव्हता. बाळ जन्मलें कीं त्याच्या अंगाला प्रथम लागे तें आजीच्या जुन्या लुगड्याचें मऊ कापड. बारशाला अंगडें-टोपडें आणि कुंची येई. पहिल्या संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळें झबलें आणि हलव्याचे दागिने. पुढें मूल चालूं-बोलूं लागलें म्हणजे दिवाळीच्या तोंडावर एकाच ताग्यांतून सगळ्या भावंडांचे कपडे बेतले जात. शिंपी माप घेई, आणि आई बजावी, "वाढत्या अंगाचे शिवा हो." मग पहिलें वर्ष बाह्या दुमडून निघे, दुसऱ्या वर्षीं सदरा अंगाबरोबर बसे, आणि तिसऱ्या वर्षीं तो धाकट्याकडे जाई. या व्यवस्थेंत काटकसर होती आणि मायाहि होती. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. भरल्या घरांत प्रत्येकाची आवड विचारीत बसणें शक्यच नव्हतें. आज पुष्कळ घरांतून परिस्थिति पालटली आहे. मुलें एक किंवा दोन, कपडे तयार मिळतात, आणि वाढदिवसाचे नि आहेराचे मिळून कपाटाचा खण भरून जातो. म्हणजे निवड करण्याचा प्रसंग रोजच येतो. ती कोणीं करावी एवढेंच ठरावयाचें राहतें.

"मोठ्यांनींच करावी, त्यांना काय शोभतें तें कळतें," असें उत्तर सहज दिलें जातें. परंतु शोभणें म्हणजे काय याविषयीं मोठ्यांची समजूत किती बदलत असते, हें इतिहास पाहिल्यावर दिसतें. युरोपांत कित्येक शतकें तान्ह्या मुलांना पट्ट्यांनीं आवळून गुंडाळून ठेवण्याची चाल होती. फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो यानें १७६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'एमिल' या ग्रंथांत तिच्यावर कडक टीका केली, आणि वाढत्या अंगाला सैल, मोकळीं वस्त्रें द्यावींत असा आग्रह धरला. त्याच युरोपांत मुलगे चार ते सात वर्षांचे होईपर्यंत त्यांनाहि मुलींप्रमाणें झगे घालीत. गुलाबी रंग मुलींचा आणि निळा मुलग्यांचा, ही तर आज निसर्गानेंच केलेली वांटणी समजली जाते. पण १९१८ सालीं अमेरिकेंतील मुलांच्या कपड्यांच्या व्यापाराला वाहिलेल्या एका नियतकालिकानें याच्या नेमका उलट सल्ला दिला होता: गुलाबी रंग अधिक ठसठशीत म्हणून तो मुलग्यांना, आणि निळा अधिक नाजूक म्हणून तो मुलींना. आपल्याकडे पेशवाईंतले कर्ते पुरुष कानांत मोत्यांची भिकबाळी मिरवीत, आणि त्यांत कोणाला बायकीपणा दिसत नसे. तेव्हां एखाद्या मुलग्यानें गुलाबी सदरा मागितला म्हणून घरांत चिंतेचें वातावरण पसरण्याचें कांहींच कारण नाहीं. रंग आवडला, यापलीकडे त्या मागणींत बहुधा कांहीं नसतें.

मुलाच्या वाढीचा क्रम पाहिला म्हणजे स्वतः निवडण्याची इच्छा कोठून येते तें ध्यानांत येतें. दीड वर्षाचें मूल कपडे घालतांना बाहींतून हात पुढें ढकलतें, पाय उचलून देतें. अडीच वर्षांच्या सुमारास तें सैल विजार किंवा पुढून उघडा सदरा स्वतः काढूं लागतें. तीन वर्षांचें झालें म्हणजे तसे सैल कपडे अंगावर चढवूं लागतें. चार वर्षांच्या मुलाला कांहीं गुंड्या सोडवितां येतात, आणि पांच वर्षांचें होईपर्यंत त्या लावतांहि येऊं लागतात. मुलामुलांत थोडें मागेंपुढें होतें, पण क्रम साधारण हाच. हात जसजसे स्वाधीन होतात, तसतसें मनहि आपल्या स्वाधीन असावें असें त्याला वाटूं लागतें. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानें १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतला दुसरा टप्पा साधारण दीड ते तीन वर्षांच्या वयाचा. या वयांत एका बाजूला 'माझें मला करतां येतें' हा विश्वास, आणि दुसऱ्या बाजूला लाज व स्वतःविषयींची शंका, यांची मुलाच्या मनांत ओढाताण चालते, असें त्याचें प्रतिपादन आहे. 'नको', 'मीच', 'माझं' हे या वयाचे आवडते शब्द. ते ऐकून मूल हट्टी निपजलें असें समजणें म्हणजे दांत येऊं लागले म्हणून मूल चावरें आहे असें म्हणण्यासारखें आहे.

बालशिक्षणाच्या थोर पुरस्कर्त्यांनीं ही गोष्ट फार पूर्वींच ओळखली होती. रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांनीं तयार केलेल्या साधनांत कांहीं लांकडी चौकटी होत्या. प्रत्येक चौकटीवर कापडाचे दोन पदर बसविलेले. एकीवर गुंड्या व काजें, दुसरीवर हुक, तिसरीवर फितीच्या गांठी. मूल शांतपणें बसून तीच गुंडी पुनःपुन्हां लावी आणि सोडी, आणि मग तोच सरावलेला हात स्वतःच्या सदऱ्याकडे वळे. आपल्या देशांत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर सुरू केलें, आणि ताराबाई मोडक यांनीं त्यांच्याबरोबर काम करून १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची उभारणी केली. १९३९ सालीं स्वतः डॉ. मॉन्टेसरी मद्रासजवळच्या अड्यार येथें आल्या, आणि महायुद्धामुळें कित्येक वर्षें भारतांतच राहिल्या. पुढें १९४५ सालीं ताराबाईंनीं अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथें खेड्यांतल्या गरीब मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम सुरू केलें. बोर्डी तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. रोम, भावनगर आणि बोर्डी यांत अंतर पुष्कळ, पण या तिन्ही ठिकाणच्या कामामागील धारणा एकच: जें काम मुलाला स्वतः करतां येण्यासारखें आहे, तें मोठ्यांनीं त्याच्या हातून काढून घेऊं नये.

आतां कोणी म्हणेल, "ठीक आहे, मग कपाट उघडून द्यावें आणि मुलाला काय हवें तें घालूं द्यावें." असें करणेंहि बरोबर नाहीं. फार मोठी निवड ही निवडच राहत नाहीं. अमेरिकेंत शीना अय्यंगार व मार्क लेपर या संशोधकांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत उद्बोधक आहे. एका दुकानांत मुरंब्याचे नमुने चाखावयास ठेवले होते. कधीं ६ प्रकार, कधीं २४. चोवीस प्रकारांपाशीं गर्दी अधिक झाली. परंतु सहांपाशीं थांबलेल्यांपैकीं सुमारें ३० टक्के लोकांनीं मुरंबा विकत घेतला, आणि चोवीसांपाशीं थांबलेल्यांपैकीं अवघ्या ३ टक्के लोकांनीं. ही गत मोठ्या माणसांची. मग वीस सदऱ्यांपुढें उभें केलेलें तीन वर्षांचें मूल भांबावून रडूं लागलें, तर त्याला दोष कसा द्यावा? म्हणून "आज काय घालशील?" हा प्रश्न मोठा आहे, आणि "हा निळा सदरा घालशील, कीं हा चौकटीचा?" हा प्रश्न मुलाच्या मापाचा आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलापुढें दोन वस्त्रें ठेवावींत. चार-पांच वर्षांच्या मुलापुढें तीन-चार. सहा वर्षांच्या मुलाला एक खणच नेमून द्यावा, आणि त्यांतले कोणतेहि कपडे त्यानें केव्हांहि घालावेत असें ठरवून टाकावें.

याच दोन संशोधकांनीं त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९९९ सालीं, प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोग आपल्याकडील घरांना अधिक विचार करावयास लावणारा आहे. सान फ्रान्सिस्को शहरांतील सात ते नऊ वर्षांच्या मुलांना अक्षरें जुळवून शब्द करण्याचीं कोडीं दिलीं. कांहीं मुलांनीं कोड्याचा विषय स्वतः निवडला. कांहींना तो परक्या बाईनें निवडून दिला. आणि कांहींना तो त्यांच्या आईनें निवडला आहे असें सांगितलें. गोऱ्या अमेरिकन मुलांनीं स्वतः निवडलेलीं कोडीं सर्वांत अधिक सोडविलीं. परंतु चिनी व जपानी वंशाच्या मुलांनीं आईनें निवडलेलीं कोडीं सर्वांत अधिक सोडविलीं. त्या प्रयोगांत भारतीय मुलें वेगळीं घेतलेलीं नव्हतीं, म्हणून त्यावरून आपल्या मुलांविषयीं थेट अनुमान काढतां येणार नाहीं. तरीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जेथें घर आणि मूल यांचें नातें दाट असतें, तेथें आईची निवड हा मुलाला जुलूमच वाटतो असें नाहीं. ती त्याला मायेची खूणहि वाटते. म्हणून मुलाला निवड देणें म्हणजे "आतां तुझें तूं पहा" असें म्हणून त्याला एकटें सोडणें नव्हे. आई शेजारीं बसली आहे, दोन वस्त्रें मांडीवर आहेत, आणि मुलाचें बोट एकाकडे वळत आहे, असें तें चित्र असावें.

या चित्रांत मोठ्यांनीं आपल्या हातीं ठेवावयाच्या कांहीं गोष्टी आहेतच. त्यांत पहिली ऋतूची. नागपूरकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां मखमली झगा निवडीसाठीं पुढें ठेवूंच नये. सर्वसाधारण हवेंत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काहि धरीत नाहीं. घाम टिपण्याच्या कामीं सुती कापड श्रेष्ठ ठरतें तें यामुळें. कोंकणांत आषाढ-श्रावणांत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहींत. तेथें दोरीवर काय सुकलें आहे त्यावरच निवडीची मर्यादा ठरते, आणि ही मर्यादा मुलालाहि दोरीला हात लावून पाहतां येते. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. दिवाळींत दारूकाम चालू असतांना घोळदार नायलॉनचा झगा नको, कारण तें कापड पेटलें तर वितळून कातडीला चिकटतें. गळ्याशीं लोंबणाऱ्या दोऱ्या घसरगुंडींत किंवा वाहनाच्या दारांत अडकून मुलें दगावल्याचे प्रकार घडल्यामुळें, अमेरिकेंतील ग्राहक-सुरक्षा आयोगानें १९९६ सालीं मुलांच्या बाहेर घालावयाच्या अंगरख्यांना अशा दोऱ्या लावूं नयेत अशीं सूत्रें काढलीं. यांखेरीज स्वच्छता, प्रसंग आणि खर्च या तीन गोष्टी. मळलेला सदरा धुण्यांत जातो, दुःखाच्या घरीं भडक पोशाखानें जात नाहींत, आणि घरच्या ऐपतीबाहेरची वस्तु घेत नाहींत. हें मुलाला थोडक्यांत आणि शांतपणें सांगावें.

या मर्यादांच्या बाबतींत एक पथ्य मात्र अवश्य पाळावें. जेथें निवड नाहीं, तेथें ती असल्याचा बहाणा करूं नये. "स्वेटर घालायचा का रे?" असें विचारावयाचें, मुलानें "नको" म्हणतांच डोळे वटारावयाचे, आणि मग तो घालावयाचाच, हा प्रकार अनेक घरांतून चालतो. त्यापेक्षां "बाहेर थंडी आहे, स्वेटर घालायचा आहे, लाल कीं हिरवा?" असें म्हणणें प्रामाणिकपणाचें आहे. खोटा प्रश्न विचारला म्हणजे मूल एवढेंच शिकतें, कीं मोठीं माणसें विचारतात तें ऐकण्यासाठीं नव्हे. त्याचप्रमाणें एकदां दिलेली निवड मोडूं नये. मुलानें चौकटीचा सदरा उचलल्यावर "शी! त्यापेक्षां निळाच बरा दिसतो," असें म्हणणें म्हणजे दिलेलें परत काढून घेणें होय.

व्यवहारांत कांहीं साध्या युक्ति उपयोगी पडतात. दुसऱ्या दिवसाचे कपडे रात्रीं निजण्यापूर्वींच निवडून उशाशीं ठेवावेत. सकाळची घाई ही निवडीची वैरीण आहे. खुंटी किंवा खण मुलाच्या हाताला पोंचेल इतक्या उंचीवर असावा. पाठीवर गुंड्या असलेला झगा मुलाला स्वतः घालतां येत नाहीं. गुंड्या पुढें असाव्यात, त्या मोठ्या असाव्यात, आणि विजारीला नाडीऐवजीं रबरी पट्टी असावी. पुढची बाजू कोणती हें कळण्यासाठीं गळ्याच्या आंत पाठीमागें रंगीत धाग्याचा एक टांका घालून ठेवावा. एखादें मूल विशिष्ट कपडा अंगाला लागूंच देत नाहीं. तेव्हां त्याला खोडकर ठरविण्यापूर्वीं कपडा उलटा करून पहावा. पुष्कळदां आंतली जाड शिवण, मानेशीं टोंचणारी चिठ्ठी किंवा जरीचा खरखरीत कांठ हेंच कारण निघतें. कांहीं मुलांची त्वचा मोठ्यांच्या मानानें फारच हळवी असते, आणि "टोंचतं" हा शब्द त्यांना अजून सांपडलेला नसतो.

मुलाची निवड चुकेल का? अवश्य चुकेल. फुलाफुलांच्या परकरावर चट्ट्यापट्ट्यांचें पोलकें येईल; डावा बूट उजव्या पायांत जाईल; पुण्याच्या थंडींत बिनबाह्यांचा सदरा अंगावर दिसेल. यांतल्या पहिल्या चुकीनें कोणाचेंहि नुकसान होत नाहीं. दुसरी चूक चार पावलें चालल्यावर पायच सांगतो. तिसऱ्या चुकीसाठीं आईनें स्वेटर पिशवींत टाकून बरोबर घ्यावा, आणि मुलानें मागितला कीं मुकाट्यानें द्यावा. "बघ, मी सांगत नव्हतें?" हें वाक्य मात्र गिळून टाकावें. थंडीनें जें शिकविलें, तें या वाक्यानें पुसलें जातें. मग मुलाला थंडी आठवत नाहीं, आपली हार तेवढी आठवते. ज्या चुकीची किंमत अंगावर आलेला शहारा एवढीच आहे, अशा चुका आयुष्यांत फार थोड्या असतात. त्या लहानपणींच करून घेऊं दिलेल्या बऱ्या.

"हीं सगळीं भरल्या कपाटांचीं बोलणीं, ज्याच्या घरीं दोनच जोड आहेत त्यानें काय करावें?" असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. पण निवडीला दोन वस्तु पुरतात. आज हा आणि उद्यां तो, एवढें ठरविण्याचा मानहि मुलाला मोठा वाटतो. मोठ्या भावाचा उतरलेला सदरा धाकट्याला देतांना गुंड्या नव्या लावावयाच्या असतील, तर त्या पांढऱ्या कीं काळ्या हें त्याला विचारावें. तेवढ्यानें तो सदरा उतरलेला न राहतां त्याचा होतो. शाळेच्या गणवेशांतहि हेंच. गरीब-श्रीमंत मुलांनीं एका रांगेंत सारखें दिसावें हा गणवेशाचा हेतु चांगला आहे, आणि तेथें हट्ट चालूं देऊं नये. परंतु रिबिनी तांबड्या कीं पांढऱ्या, रुमाल कोणता, शाळेंतून आल्यावर काय घालावयाचें, हें मुलाकडे ठेवतां येतें. उलट, पैसेवाल्या घरांत दुसराच धोका असतो. दूरदर्शनच्या पडद्यावर आणि मोबाइलवर जें चित्र वारंवार दिसतें, तेंच छापलेला सदरा मूल मागूं लागतें. आणि जी मुलाची निवड वाटते, ती व्यापाऱ्यानें आधींच करून ठेवलेली असते. म्हणून काय विकत घ्यावें हें पालकांनीं ठरवावें, आणि घरांत आहे त्यांतून काय घालावें हें मुलानें, अशी वांटणी बहुतेक घरांना मानवण्यासारखी आहे.

एवढें सर्व पटल्यावरहि पुष्कळ आईबापांचा हात आडवा येतो, तो निराळ्याच कारणानें. "लोक काय म्हणतील?" विजोड कपड्यांतलें मूल रस्त्यानें जाऊं लागलें कीं आईला वाटतें, शेजारीण आपल्यालाच गबाळी म्हणणार. मुलाचा पोशाख ही जणूं आईबापांच्या टापटिपीची पाटीच होऊन बसते. ही अडचण खरी आहे. तिच्यावर हंसूं नये. पण ती अडचण मोठ्यांची आहे, मुलाची नव्हे, हें स्वतःशीं कबूल केलें म्हणजे पुष्कळ काम होतें. याहूनहि जपावयाचें तें हंसण्याला. मोठ्या ऐटीनें स्वतः नटून बाहेर आलेल्या मुलाला पाहून घरांत हंशा पिकतो, पाहुण्यांना बोलावून तें सोंग दाखविलें जातें, छायाचित्र काढून नातलगांना पाठविलें जातें. मोठ्यांच्या मनांत कौतुकच असतें, पण मूल तें उपहास म्हणून घेतें, आणि दुसऱ्या दिवशीं विचारल्यावर म्हणतें, "तूंच दे." एरिक्सननें ज्या लाजेविषयीं व शंकेविषयीं लिहिलें, तिचा प्रवेश घरांत असा हंसत हंसत होतो.

आणि हें "तूंच दे" पुढें वाढत जातें. दहावीची परीक्षा उतरलेला मुलगा अकरावीच्या प्रवेशपत्रापुढें बसतो. कला, वाणिज्य कीं विज्ञान, असें विचारलें तर तो वडिलांकडे पाहतो. मुलगी उपवर होते, स्थळ येतें, "तुझी पसंती आहे ना?" असें सगळे विचारतात, आणि ती म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." घरच्यांना हें आज्ञाधारकपणाचें लक्षण वाटून समाधान होतें. परंतु पंधरा-वीस वर्षें ज्याला कधीं कांहींच ठरवूं दिलें नाहीं, त्याला एकाएकीं आयुष्याचा निर्णय विचारला तर तो कोठून देईल? निर्णय घेणें ही पोहण्यासारखी कला आहे. ती उथळ पाण्यांत शिकावी लागते, आणि सदरा निवडणें हें त्यांतलें सर्वांत उथळ पाणी आहे. संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं मान्य केलेल्या बालहक्कांच्या करारनाम्याच्या बाराव्या कलमांत, मुलाला त्याच्यासंबंधींच्या गोष्टींत आपलें मत मांडूं द्यावें, आणि त्याच्या वयाला व समजुतीला अनुरूप असें वजन त्या मताला द्यावें, असें म्हटलें आहे. भारतानें तो करारनामा १९९२ सालीं स्वीकारला. कलम मोठ्या राष्ट्रांच्या सभेंतलें. पण त्याची पहिली अंमलबजावणी व्हावयाची ती घरांतल्या खुंटीपाशीं.

आतां शेवटीं त्या परकर धरून उभ्या असलेल्या मुलीकडे पुन्हां वळावें. त्या मंगळवारीं सकाळीं तिच्या आईच्या हातीं फारसें कांहीं उरलेलें नव्हतें. रिक्षा दाराशीं आली होती. पण सोमवारच्या रात्रीं तिला पुष्कळ करतां आलें असतें. दोन फ्रॉक अंथरुणावर मांडून "उद्यां यांतला कोणता?" असें विचारतां आलें असतें. परकर हवाच म्हणाली, तर "तो रविवारीं संध्याकाळीं देवळांत जातांना तूंच काढून घाल," असा वायदा करतां आला असता, आणि रविवारीं तो पाळतां आला असता. किंवा आईला परकराची फार फिकीर नसेल, तर एक दिवस तो शाळेंत जाऊंहि देतां आला असता. घसरगुंडीच्या पायऱ्या चढतांना तो पायांत येतो, मातींत लोळतो, आणि बसफुगडी घालतांना दोन्ही हातांनीं सांवरावा लागतो, हें तिला दुपारपर्यंत आपोआप कळलें असतें. बुधवारीं सकाळीं तिनें फ्रॉक आपण होऊन मागितला असता, आणि तो मागतांना तिच्या डोळ्यांत पाणी नसतें.